रात्रीची विमाने आणि जमिनीखालची फिल्म

भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ओतकामाची तपासणी करणाऱ्यांना क्ष-किरणांची फिल्म नवी नाही. ओतीव भागाच्या पोटात पोकळी वा चीर राहिली असेल, तर ती बाहेरून दिसत नाही. म्हणून एका बाजूने किरण सोडायचे आणि दुसऱ्या बाजूस फिल्म ठेवायची. पोकळीतून किरण अधिक प्रमाणात पार होतात आणि फिल्मवर तेवढाच भाग जास्त काळा उमटतो. नेमकी अशीच फिल्म शिशाच्या पत्र्यांमध्ये घालून, तिची चळत जमिनीखाली खोलवर रचून, अवकाशातून येणाऱ्या कणांचा माग काढणाऱ्या एक प्राध्यापिका मॉस्को विद्यापीठात होत्या. इरिना राकोबोल्स्काया हे त्यांचे नाव. दुसऱ्या महायुद्धात त्या बॉम्बफेकी विमानांच्या एका रेजिमेंटच्या चीफ ऑफ स्टाफ होत्या, आणि त्या रेजिमेंटमध्ये वैमानिकांपासून यंत्र दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत साऱ्या स्त्रियाच होत्या.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १९१९ चा. वडील भौतिकशास्त्राचे शिक्षक. इरिना यांनी १९३८ साली मॉस्को विद्यापीठात त्याच विषयासाठी प्रवेश घेतला. पदवी हाती येण्याआधीच, जून १९४१ मध्ये, जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. विख्यात वैमानिक मरिना रास्कोवा यांनी त्या शरद ऋतूत स्त्रियांच्या हवाई तुकड्या उभारण्यास आरंभ केला, तेव्हा विद्यापीठातील अनेक विद्यार्थिनींनी नावे नोंदविली. त्यांत राकोबोल्स्काया होत्या. व्होल्गाकाठच्या एंगेल्स येथे त्यांनी नॅव्हिगेटरचे, म्हणजे दिशादर्शकाचे प्रशिक्षण घेतले. (आपल्याकडे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली, हे लक्षात घेतले म्हणजे १९४१ ची ती घटना किती अपूर्व होती, याची कल्पना येते.)

त्यांच्या वाट्याला आलेले पो-२ हे विमान मुळात नवशिक्यांना शिकविण्यासाठी बनविलेले. लाकडी सांगाडा, वर कापड, बैठक उघडी, वेग ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर. दिवसा ते दिसताक्षणी टिपले गेले असते. म्हणून सारी उड्डाणे रात्री. लक्ष्याजवळ येताच वैमानिक इंजिनाचा आवाज अगदी कमी करीत आणि विमान तरंगत खाली आणीत. जर्मन सैनिकांना ऐकू येई तो केवळ वाऱ्याचा सळसळाट. त्यावरून ‘रात्रीच्या चेटकिणी’ हे नाव पडले. १९४२ ते १९४५ या काळात रेजिमेंटने तेवीस हजारांहून अधिक उड्डाणे केली. १९४४ पर्यंत पॅराशूट नव्हते.

राकोबोल्स्काया यांनी स्वतःही काही उड्डाणे केली. पण चीफ ऑफ स्टाफ या नात्याने त्यांचे मुख्य काम जमिनीवरचे होते. कोणते विमान केव्हा गेले, केव्हा परतले, कोणते परतले नाही, याची नोंद ठेवण्याचे. ३१ जुलै १९४३ च्या रात्री कुबानच्या आघाडीवर जर्मन लढाऊ विमानाने चार विमाने पाडली. आठ मुली गेल्या. पुढच्या एप्रिलमध्ये येवगेनिया रुदनेवा ही केर्चजवळ मारली गेली. ती मॉस्को विद्यापीठातच खगोलशास्त्र शिकत होती आणि रेजिमेंटची मुख्य दिशादर्शक होती. आज एका लघुग्रहाला तिचे नाव आहे. तेविशीतल्या बाईने दर पहाटे अशी नोंदवही मिटायची म्हणजे काय, हे आकड्यांवरून कळणार नाही.

या रेजिमेंटवर लिहिणारे बहुतेक लेखक १९४५ ला थांबतात. राकोबोल्स्काया यांचे आयुष्य मात्र त्यानंतर एकाहत्तर वर्षे चालले, आणि त्यातला मोठा भाग वर्गात व प्रयोगशाळेत गेला. ऑक्टोबर १९४५ मध्ये रेजिमेंट विसर्जित झाली. त्या अर्धवट राहिलेल्या अभ्यासक्रमाकडे परतल्या आणि तिशीच्या उंबरठ्यावर, १९४९ साली पदवीधर झाल्या. दरम्यान भौतिकशास्त्रज्ञ दमित्री लिंदे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता आणि पहिला मुलगाही झाला होता. पुढे डॉक्टरेट, साठच्या दशकात प्राध्यापकपद, १९६८ पासून १९९१ पर्यंत वैश्विक किरण विभागाचे प्रमुखपद. विद्यार्थ्यांसाठी अणुकेंद्रीय भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिले.

आता पुन्हा त्या फिल्मकडे. अवकाशातून अतिवेगवान कण सतत पृथ्वीवर आदळत असतात. वातावरणात त्यांच्या टकरीतून म्यूऑन नावाचे कण जन्मतात. हे कण खडकातूनही आरपार जातात. इतर कण मात्र वाटेतच अडकतात. म्हणून उपकरण जमिनीखाली न्यायचे, म्हणजे खडकच चाळणीचे काम करतो. क्वचित एखादा म्यूऑन शिशात ऊर्जेचा मोठा कण सोडतो, त्यातून दोन, दोनांतून चार असे कण वाढत जातात आणि फिल्मवर काळा ठिपका उमटतो. ठिपका किती गडद, यावरून ऊर्जा मोजता येते. कणांचा हा वाढता वर्षाव कसा घडतो, याचे गणित १९३७ साली आपल्या होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह मांडले होते. भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, हीच खडकाची चाळणी वापरली आणि १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली.

राकोबोल्स्काया यांचा थोरला मुलगा आंद्रेई लिंदे. विश्व जन्मतः क्षणार्धात प्रचंड फुगले, या सिद्धांताच्या शिल्पकारांपैकी ते एक. पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांची व्याख्याने ऐकलेल्यांना मात्र महास्फोटाच्या कल्पनेवर अखेरपर्यंत शंका घेणारी दुसरी बाजूच अधिक परिचयाची असेल.

निवृत्तीच्या वयात त्यांनी जुनी सहकारी नताल्या क्राव्त्सोवा हिच्यासह रेजिमेंटच्या आठवणींचे पुस्तक सिद्ध केले. ‘आम्हाला रात्रीच्या चेटकिणी म्हणत’ हे त्याचे नाव. २२ सप्टेंबर २०१६ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, मॉस्कोत त्यांचे निधन झाले.