सनद मिळाल्यावर (लेखांक 7) : वाट कधी अडवली?

गेल्या आठवड्यात वकीलपत्र आणि रोजनामा झाला. आज गगनबावड्याच्या तहसील कचेरीत जाऊ. नव्या वकिलांना तहसीलचं काम जरा हलकं वाटतं. त्यातून 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं. सहा जिल्ह्यांतली तरुण मंडळी तिकडे डोळे लावून बसली, तर नवल नाही. पण तिथं ज्युनिअरच्या हाती येते ती खालून घडून आलेली फाईल. फाईल घडते कशी, हे पाहायला घाटमाथ्यावरचा हा छोटा तालुका बरा.

हे शिकवायचं कुणी, याचा आपल्याकडे घोळच आहे. 1961 च्या अधिवक्ता कायद्यात सनदेआधी प्रशिक्षणाची अट होती, ती 1974 मध्ये गेली. बार कौन्सिलने 1995 मध्ये नियम करून वर्षभराची उमेदवारी परत आणली. परिषदेला तसा अधिकारच नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये ते नियम रद्द केले. आता बारची परीक्षा आहे, तीत पर्यायांवर खुणा करायच्या. 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश व्हायला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ज्युनिअर आता महिने मोजतात. त्या महिन्यांत पक्षकाराला प्रश्न विचारायला किती जण शिकतात, हे प्रमाणपत्रावर येत नाही.

तर प्रश्न विचारू. समजा, तिसंगीकडचे एक आबा आलेत. ऊसतोडीची टोळी रानात उतरली, ट्रॅक्टर बांधाशी अडला, शेजाऱ्याने वाटेत चर मारलाय. आबा तावातावाने भाऊबंदकीचा इतिहास सांगतात, आजोबांपासून. ऐकून घ्यावा, पाच मिनिटं तरी. नवा वकील मात्र तेवढ्यात पुस्तक उघडतो. आधी विचारायचं ते हे : "आबा, चर कधी मारला?"

"लई दिस झालं की ओ."

"लई म्हंजे? भातलावणीच्या आधी का नंतर? गणपतीत वाट चालू होती का?"

हे चौकशीसाठी चौकशी नव्हे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कलम 7 प्रमाणे दावाअर्जात ती तारीख लिहावीच लागते. आता या तालुक्याचं वेळापत्रक बघा. जुलैत भाताची लावण होते, तेव्हा शेजारी बांध कोरतो. धो धो पावसात कोण वाट बघायला जातंय? पायी माणूस कसाबसा पलीकडे जातो. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो. आबांना तोड मिळते जानेवारीच्या मध्यावर, आणि वाट अडल्याचं तेव्हा बोचतं. अडवणूक जुलैच्या पहिल्या आठवड्यातली असेल, तर मुदत टळून गेलेली असते.

पण असंही घडलेलं असतं की जुलैत नुसता बांध कोरला, वाट चालू राहिली, आणि खरी अडवणूक चर मारून जानेवारीत केली. मग दावा मुदतीत आहे. यातलं काय झालं हे कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही, म्हणून रानात जायचं. पावसाळ्याआधी मारलेल्या चराच्या कडा ढासळलेल्या असतात, आत गवत माजलेलं असतं. नुकत्या मारलेल्या चराची माती कडेला मोकळी पडलेली दिसते. तहसीलदार स्थळपाहणीला येतील तेव्हा त्यांनाही तेच दिसणार आणि पंचनाम्यात तेच उतरणार. "तारीख जरा पुढची टाका की वकीलसाहेब," असं आबा म्हणतील. टाकायची नाही. तत्त्वाचा भाग सोडा, चर आबांच्या विरुद्ध साक्ष देईल.

मग कागद. सातबारा सगळेच आणतात. त्यातला 'इतर हक्क' हा रकाना वाचून घ्यावा, तिथं रस्त्याची नोंद असली तर अर्धं काम झालं. नसली तर भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढावी. नकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला असतो, पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. ट्रॅक्टरसाठी भांडणाऱ्या पक्षकाराच्या नकाशावर एकेरी रेष निघाली, तर ते त्याला दावा लावण्याआधी सांगितलेलं बरं.

नकाशात काहीच नसेल आणि वहिवाटही शाबीत होत नसेल, तर मार्ग वेगळा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143 हे बांधावरून नवी वाट मागण्यासाठी आहे. तिथं सहा महिन्यांची अट नाही, पण गरज दाखवावी लागते, आणि शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल अशी वाट सुचवावी लागते. नव्या वकिलांच्या अर्जांत ही दोन्ही कलमं सर्रास एकत्र असतात, कुठलं तरी लागू पडेल या आशेने. एकीकडे म्हणायचं वाट वडिलोपार्जित आहे, दुसरीकडे म्हणायचं नवी द्या. समोरच्या वकिलाला उलटतपासात आणखी काय हवं? निकालानंतरच्या वाटाही निराळ्या आहेत. 1906 च्या कायद्यात अपील नाही, फेरतपासणी आहे. कलम 143 च्या निर्णयावर वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

राहिलं विनंतीचं कलम. 'अर्जदारास रस्ता खुला करून मिळावा' एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या गटाच्या कुठल्या बांधापासून कुठल्या गटापर्यंत, कुठल्या दिशेने, किती फूट रुंद, हे लिहावं आणि सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडावा. तहसीलदार आदेशात बहुधा आपलेच शब्द उचलतात. ते शब्द मोघम असले की मंडळ अधिकारी पोलीस बंदोबस्तासह रानात उभे राहतात, शेजारी म्हणतो वाट पलीकडच्या बांधाने आहे, आणि आदेशात ती कुठून आहे हेच नसतं.