मुदतीचे काम

उवा काढायला बसायचे तर प्रथम ऊन पाहावे लागते. पालम आणि आसपासच्या खेड्यांतून हे काम मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि जाणती बाई त्यासाठी भर माध्यान्ही कधी बसत नाही; दिवस कलून उन्हाची तिरीप ओसरीच्या पायरीवर आडवी पडू लागली, म्हणजे ती मुलीला एक पायरी खाली, दोन गुडघ्यांच्या मध्ये, पाठमोरी बसवते, कारण तशा तिरप्या प्रकाशातच केसाला डसलेली लीख चकाकते आणि कोंड्याच्या कणाहून वेगळी ओळखू येते. ओळख पटत नसेल तर ती हलकेच फुंकर घालते. कोंडा उडतो, लीख जागची हलत नाही.

केस आधी तेलाने मुळांपर्यंत भिजवायचे, आणि तेही सढळ हाताने. हल्ली खोबरेल सर्वत्र मिळते, पण जुन्या घरांतून करडईचे तेल याच कामी येई. तेलाने ऊ मरतेच असे नाही. तिची चाल मंदावते, आणि जी ऊ कोरड्या केसांतून क्षणार्धात दुसऱ्या बटेत नाहीशी झाली असती, ती फणीच्या दातांत येते. त्यानंतर जाड दातांच्या कंगव्याने गुंता सोडवून, भांगामागून भांग पाडत, दोन बोटांत मावेल एवढीच बट हाती घेऊन, फणी टाळूला टेकवून थेट शेंड्यापर्यंत ओढायची आणि प्रत्येक ओढीनंतर ती पांढऱ्या फडक्यावर पुसायची. आरंभ मानेच्या वळीपासून आणि कानांमागून करायचा, कारण ऊब तिथे अधिक आणि वस्तीही तिथेच दाट. सुया, पोत आणि काळे मणी घेऊन दारोदार फिरणाऱ्या स्त्रियांकडून घेतलेली लाकडी दुहेरी फणी अजून अनेक घरांत कोनाड्यात असते. तिची जागा आता बारीक दातांच्या धातूच्या फणीने घेतली असली, तरी हाताची रीत बदललेली नाही. मध्येच मुलगी कंटाळून मान फिरवते, आणि वरून शब्द येतो, ‘हालू नको माय, झालंच आता.’ प्रत्यक्षात अर्धे डोके अजून राहिलेले असते.

हे साधन पुरातन आहे. इस्राएलमधील लाखीश येथे २०१६ साली सापडलेल्या हस्तिदंती फणीवर सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचा कनानी लिपीतला लेख कोरलेला आढळला, आणि या फणीने केसांतील व दाढीतील उवा निपटून निघोत, अशा आशयाची ती प्रार्थना होती. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीच्या मोजमापाचा जो तपशील दिला आहे, त्यात आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक यव आणि आठ यवांचे एक अंगुल असा हिशेब आहे. ज्या समाजाने राज्याच्या मोजणीत उवेला स्थान दिले, त्याला तिचा सहवास किती परिचित असला पाहिजे, हे निराळे सांगायला नको.

परंतु या कामाचे मर्म फणीत नाही, मुदतीत आहे. मादी दिवसाकाठी साधारण सहा ते दहा अंडी घालते आणि प्रत्येक अंडे टाळूलगत, केसाच्या मुळाशी, न विरघळणाऱ्या चिकट द्रव्याने जखडून टाकते. सात ते दहा दिवसांनी त्यातून पिल्लू बाहेर पडते, तीनदा कात टाकते, आणि आणखी नऊ ते बारा दिवसांत स्वतः अंडी घालू लागते. म्हणजे आज डोके कितीही निगुतीने विंचरले, तरी लिखेत दडलेली पिढी उद्या-परवा निघणारच. मात्र ती वयात येण्यापूर्वी तिला गाठले, तर वंश तिथेच खुंटतो. म्हणून तीन-चार दिवसांच्या अंतराने किमान दोन आठवडे पुन्हा पुन्हा बसावे लागते. एकदाच बसून काम आटोपले असे मानणाऱ्या घरात महिन्याभरात पुन्हा खाजवणे सुरू होते, आणि मग दोष शेजारच्या मुलीवर ढकलला जातो. वस्तुतः खाज हीदेखील उशिरा येणारी साक्ष आहे. प्रथमच उवा झालेल्या मुलीला ती चार-सहा आठवड्यांनी जाणवते, तोवर घरातल्या साऱ्या बायकामुलींची डोकी एकमेकींच्या डोक्यांना लागलेली असतात. सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहण्याचा जो दस्तूर जुन्या बायका पाळीत, तो यासाठीच शहाणपणाचा.

एवढा धीर नसला की माणसे जालीम उपायाकडे वळतात. बालाघाटाच्या माळावर सीताफळाला तोटा नाही, त्यामुळे बियांची पूड तेलात कालवून डोक्याला चोपडण्याची चाल या मुलखात आहे. त्या बियांत उवा मारण्याचे सामर्थ्य आहे, हे खरे. पण तोच लेप ओघळून डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि असे रुग्ण आपल्या देशातील नेत्रवैद्यांनी नोंदवून ठेवले आहेत. रॉकेलाविषयी तर बोलायलाच नको. चुलीजवळ वावरणाऱ्या मुलीच्या केसांत रॉकेल ओतणे हा उपाय नव्हे, तो घात आहे. औषध घ्यायचेच तर पर्मेथ्रिनचे एक टक्क्याचे लोशन आहे. ते धुऊन टिपलेल्या केसांना दहा मिनिटे लावून ठेवावे आणि सुमारे नऊ दिवसांनी पुन्हा लावावे, तान्ह्या बाळासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. अनेक देशांत उवा या औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत. म्हणून औषध लावले तरी फणीची सुटका नाही.

आणखी एक उपाय मला फार क्रूर वाटतो, तो म्हणजे वस्तरा. मुलीचे केस सरसकट उतरवून तिला शाळेत धाडायचे आणि वर्गात तिला वेगळे बसवायचे, हे मी पाहिले आहे. ती डोक्यावरची ओढणी दिवसभर सोडत नसे. अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ टायफसचा प्रसार करते, हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली ट्यूनिसमध्ये दाखवून दिले. डोक्यातील ऊ झोप मोडते, खाजवून जखमा करते, पण तसला रोग पसरवीत नाही. ती उडत नाही, उडी मारीत नाही, केवळ डोक्याला डोके लागले की सरकते. अस्वच्छतेशीही तिचा संबंध नाही. धुतलेल्या केसांतही ती तितक्याच सुखाने नांदते. मग त्या लेकराचा कसूर तो कोणता?

खरा प्रश्न वेळेचा आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे कोपीत राहून पहाटेपासून फडात राबणाऱ्या आईला तिरप्या उन्हाची ती निवांत घटका, आणि तीही दोन आठवड्यांत चार वेळा, कोठून मिळावी? जी मुले गावी आजीपाशी मागे राहतात, त्यांच्या आजीची नजर लीख टिपण्याइतकी राहिलेली नसते. अशा मुलांसाठी जिथे हंगामी वसतिगृहे चालवली जातात, तिथल्या सामानाच्या यादीत तांदूळ-डाळीबरोबर तेलाची बाटली आणि प्रत्येक मुलीसाठी एक फणी एवढी तरतूद झाली पाहिजे. आणि बुधवारी संध्याकाळी व शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थोरल्या मुलींनी धाकट्यांना पायरीवर घेऊन बसावे, एवढी तजवीज तिथल्या बाईंनी केली, तर दोन आठवड्यांत चार बैठका आपोआप भरतात.