तिरपा काप, सरळ काप

सुरत-धुळे महामार्गावरील आमची विसरवाडी आज नंदुरबार जिल्ह्यात मोडते; १ जुलै १९९८ पूर्वी तिचे दप्तर धुळ्यास होते, आणि त्याही पूर्वी हा सारा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. कागदोपत्री जिल्हे बदलत गेले. पहिल्या पावसासरशी कुंपणाला निरगुडी, अडुळसा वा मोगली एरंडाच्या काड्या खोचण्याचा रिवाज मात्र कायम राहिला. काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब आणि तीन-चार डोळ्यांची असावी, तिचा वरचा काप सरळ व डोळ्याखालचा काप तिरपा असावा, म्हणजे बूड आणि शेंडा यांची गल्लत होत नाही, असे आजोबा सांगत. पण उलटी खोचलेली काडी सहसा का रुजत नाही, याचा उलगडा त्यांनाही नव्हता.

तो उलगडा त्यांच्याच हयातीत दूर हॉलंडमधील उत्रेख्त येथे होत होता. १९२६ साली फ्रिट्स वेंट या तरुण संशोधकाने ओट धान्याच्या कोंबाच्या अग्रातून झिरपणारे वृद्धिद्रव्य वेगळे धरून दाखविले. शेंड्याकडून बुडाकडे वाहणे हा त्याचा धर्म. म्हणून छाटलेल्या फांदीत ते खालच्या कापाशी साचते आणि तेथेच मुळांचा उगम होतो. पुढे १९३५ साली अमेरिकेतील बॉइस थॉम्प्सन संस्थेत झिमरमन व विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्लाच्या अंगचा मुळे फोडण्याचा गुण सिद्ध केला, आणि ते अधिक टिकाऊ असल्यामुळे शंखजिऱ्यात मिसळलेली त्याची भुकटी यथावकाश रोपवाटिकांत रूढ झाली.

हे संजीवक माझ्या हाती प्रथम आले, तेव्हा अधिक द्रव्य म्हणजे अधिक मुळे अशा समजुतीने मी जास्वंदीच्या काड्या तीव्र द्रावणात रात्रभर बुडवून ठेवल्या, आणि आठवडाभरात त्यांची बुडे काळी पडली. कोवळ्या काडीस लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम, पक्क्या काष्ठास तीन ग्रॅमपर्यंत, आणि तेही केवळ पाच सेकंद, एवढी मात्रा पुरते, हे त्या नुकसानीने शिकविले.

संजीवक काडीच्या स्वाभाविक प्रवाहास बळ देते, त्याची दिशा फिरवीत नाही. म्हणूनच भुकटीची डबी उघडण्यापूर्वी मी आजही आजोबांचे ते दोन काप आधी देतो.