साठीनंतरही चालते राहूया

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क चौपाटीवर सकाळी खाडीचा वारा अंगावर घेत चालणारे आजी-आजोबा दिसतात. त्यांची ही सवय औषधाइतकीच मोलाची आहे. वयाबरोबर स्नायू झिजतात, तोल जाऊ लागतो. मग घरातल्या घरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते.

६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अशी: आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव.

चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा. पावसाळ्यात रस्ते निसरडे झाले की घरीच खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून दहा सेकंद एका पायावर उभे राहा.

सुरुवात रोज दहा मिनिटांनी करा. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

घरच्यांनीही ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ म्हणण्याऐवजी भाजी आणायला त्यांना सोबत न्यावे.