धरणाचा हिशेब भागाभागाने



उजनीच्या पाण्यावर ऊस करणाऱ्यांना धरणाचे मोल सांगायला नको. पण भूकंपात धरण कसे हलते, याचा हिशेब इंजिनिअर लोक कसा मांडतात, ते जाणून घेण्यासारखे आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण टिकले. मात्र त्याच्या उंच भागांना आडव्या भेगा पडल्या. आराखड्यात भूकंपाचा जोर म्हणजे वजनाच्या पाच टक्के आडवा रेटा, वरपासून खालपर्यंत सारखाच, असे धरले होते. त्या हिशेबाने भेगा पडायलाच नको होत्या! पण धक्क्यात धरण डोलते. माथा जास्त डोलतो आणि मागचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या मानेपाशी ताण येतो. भेगा तिथेच पडल्या. अनिल चोप्रा व चक्रवर्ती यांनी १९७३ साली डोलण्याचे गणित करून हेच दाखवले.

आता धरण एकटे नसते. पोटाला पाणी, पायाखाली खडक. उसाची गाडीच घ्या ना! रिकामी वेगळी हलते, भरलेली वेगळी. पक्क्या सडकेवर वेगळी, काळ्या रानात वेगळी. सगळे एकदम मांडले तर गणित फार मोठे होते. म्हणून धरण, पाणी आणि खडक असे तीन भाग करतात. धरणाच्या डोलण्याच्या मुख्य तऱ्हा तेवढ्या काढतात, पाणी व खडक त्याला कसा जाब देतात ते वेगळे काढतात. मग जोड घालतात. त्याचे नियम दोनच : सांध्यावर दोन्ही भाग सारखेच सरकले पाहिजेत, आणि एकाने दिलेला रेटा दुसऱ्याने तेवढाच उलट दिला पाहिजे. यंत्रे व विमानांसाठीही अशीच रीत आहे. क्रेग व बॅम्प्टन यांनी १९६८ साली मांडलेली पद्धत आजही चालते.

कोयनेच्या उंच भागांना पुढे मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणली.

आपल्या कारखान्यातही टर्बाइन, गिअर बॉक्स, मिल आणि पाया एकेकटे ठाकठीक असतील, तरी जोडल्यावर थरथरू शकतात. तेव्हा ऑफ सीझनच्या दुरुस्तीत सुटे भाग तपासून थांबू नये. सांधे आणि पायाही तपासावेत. त्यावरचा खर्च वाया जात नाही.