हरलेला डाव पुन्हा मांडताना

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली. ‘सर, आमच्या मुलाला सगळ्या चाली येतात, मित्रांना तो हरवतोही, पण पुढे सरकत नाही. मुळातच तेवढी बुद्धी नसेल का त्याला?’ प्रश्न खेळाचा असला, तरी त्यातला ‘मुळातच’ हा शब्द आम्हांला अस्वस्थ करतो. बुद्धी काहींच्या वाट्याला जन्मानेच येते, ही समजूत आपल्या मागच्या पिढ्यांनी फार सोसली आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निष्णात खेळाडू, मध्यम खेळाडू आणि नवशिका यांना खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखवली व ती आठवून पुन्हा मांडायला सांगितली. निष्णात खेळाडू साहजिकच फार पुढे राहिला. मग मोहरे पटावर वाटेल तसे विखरून तोच प्रयोग केला, तेव्हा तिघांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. याचा अर्थ असा, की निष्णाताची स्मरणशक्ती काही निराळी नसते. हजारो डावांच्या सहवासाने त्याला विशिष्ट रचना ओळखीच्या झालेल्या असतात. आपण शब्द वाचताना अक्षरे सुटी मोजत नाही, तसेच हे आहे. आणि वाचन तर कोणालाही शिकता येते.

ही ओळख वाढवण्याचा मार्ग साधा आहे. एका घोड्याने दोन मोहऱ्यांवर एकाच वेळी केलेला हल्ला, राजासमोर जखडलेला मोहरा, शेवटच्या रांगेत हत्तीने दिलेली मात, अशा रचनांची सोपी कोडी रोज वीस मिनिटे सोडवावीत. नवनवी कोडी धुंडाळण्यापेक्षा तीच पन्नास कोडी पुनःपुन्हा सोडवणे अधिक फलदायी ठरते. प्रत्यक्ष डावात चाल करण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : समोरच्याने आत्ताची चाल कशासाठी केली? तो आता कोणता शह देऊ शकतो? माझा कोणता मोहरा बिनआधार उभा आहे? हौशी खेळाडूंचे बहुतेक डाव गहन डावपेचांनी हरत नाहीत. हे प्रश्न न विचारल्यामुळे हरतात.

दुसरी गोष्ट आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी एका स्पर्धेत शेवटपर्यंत वरचढ होता. त्याच्याकडे राजा आणि एक प्यादे होते, समोर केवळ राजा. त्याने घाईने प्यादे सातव्या रांगेपर्यंत ढकलले. प्रतिस्पर्ध्याचा राजा नेमका प्याद्याच्या पुढच्या घरात होता. प्यादे राखण्यासाठी आमच्या मुलाने आपला राजा त्याच्या मागे आणला आणि समोरच्या राजाला शह नसतानाही सरकायला घर उरले नाही. नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला. वसतिगृहात परतल्यावर त्याने पट खाटेखाली सरकवला व म्हणाला, ‘सर, माझं डोकंच चालत नाही.’

दोष त्याच्या डोक्याचा नव्हता. डावाच्या सुरुवातीच्या दहा-बारा चाली आम्ही त्याच्याकडून घोकून घेतल्या होत्या. शेवट एकदाही शिकवला नव्हता. त्या रात्री आम्ही पट पुन्हा मांडला. वाचकांनीही मांडून पाहावा. पटाच्या मधल्या एखाद्या उभ्या पट्टीत पांढरे प्यादे तिसऱ्या रांगेत, त्याच्या पुढच्या घरात पांढरा राजा आणि मध्ये एक घर सोडून समोर काळा राजा ठेवावा. खेळण्याची पाळी काळ्याची असेल, तर त्याला वाट सोडावीच लागते. पांढरा राजा पुढे शिरतो व प्याद्याचा वजीर होतो. पाळी पांढऱ्याची असेल, तर काळा अचूक खेळून बरोबरी साधतो. मोहरे तेच, घरे तीच. निकाल केवळ पाळीवर ठरतो. राजाने पुढे चालून वाट मोकळी करावी व प्याद्याने मागून यावे, हे तत्त्व त्या मुलाला तासाभरात उमगले. महिनाभराने तो तेच लहान मुलांना समजावून सांगत होता.

इतिहासही याची साक्ष देतो. अविभक्त पंजाबातील मीर सुलतान खान यांनी आपल्याकडील जुन्या पद्धतीने खेळ शिकला होता. त्यात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नसे. युरोपीय नियमांची ओळख त्यांना पुढे झाली. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ साली ते ब्रिटनचे विजेते ठरले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी विश्वविजेते कापाब्लांका यांना हरवले. सुरुवातीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्यांच्यापाशी थोडे होते. त्यांचे बळ डावाच्या मध्यात आणि अखेरीस दिसे. २०२४ साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

तिसरी गोष्ट वहीची. प्रत्येक डाव लिहून ठेवावा. हरल्यावर संगणकाला विचारण्यापूर्वी स्वतः तो पुन्हा मांडावा आणि जिथे वाट चुकली असे वाटते, तिथे आपण काय विचार केला होता, ते एका ओळीत लिहावे. त्यानंतर मोबाइलवरील यंत्राकडून खात्री करून घ्यावी. यंत्र अचूक चाल सांगते. आपण का चुकलो, हे मात्र आपल्यालाच शोधावे लागते. वीस-पंचवीस डावांनंतर वही चाळली, की तीच एक-दोन कारणे पुन्हा पुन्हा दिसू लागतात. कोणी घाई करतो, कोणी जिंकत आल्यावर सैल होतो. पाच मिनिटांच्या झटपट डावांत ही कारणे सापडत नाहीत. आठवड्यातून दोनच डाव खेळावेत, पण तासभर बसून खेळावेत.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण शाळेसाठी काही करावे, म्हणून विचारणा करतात. चषक आणि ढाली भरपूर झाल्या. सुटीच्या दिवशी या, भोजनगृहातल्या बाकावर एखाद्या मुलासमोर बसा, खेळा, आणि डाव संपल्यावर उठू नका. तोच डाव त्याच्याबरोबर पुन्हा मांडा. मोठी माणसेही आपली चूक शांतपणे पाहू शकतात, हे त्याला तिथे दिसेल. मग ‘मुळातच’ हा शब्द तो आपोआप विसरेल.