इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि वादकाचा हात

नाताळापूर्वीची गोष्ट. आमच्या गायनवृंदातील एका तरुणाने स्वकष्टाच्या पैशांतून इलेक्ट्रॉनिक ड्रमचा संच घेतला. भाड्याच्या दोन खोल्यांत लाकडी ड्रम वाजविणे म्हणजे शेजाऱ्यांशी वैर पत्करणे. तेव्हा रबरी गाद्या आणि कानांवर हेडफोन, हाच मार्ग होता. नाताळची चार गीते घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करावीत, असा त्याचा मनोदय. परंतु आठच दिवसांत तो खिन्न मुद्रेने दारी उभा राहिला. "फादर, मी वाजवतो एक आणि ऐकू येते भलतेच. संच परत देऊन टाकतो."

वाचकहो, या गादीला स्वतःचा आवाज नसतो. तिच्याखाली एक लहानशी चकती असते. दाब पडताच विद्युत् निर्माण करण्याचा काही स्फटिकांचा गुण झाक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. चकतीचे कार्य त्यावरच चालते. संचाचा मेंदू, म्हणजे मोड्यूल, ती विद्युत् मोजून संगणकाकडे केवळ आकडे धाडतो. १९८३ साली रूढ झालेल्या 'मिडी' या संकेतभाषेत गादीचा एक आकडा आणि आघाताच्या जोराचा दुसरा, १ ते १२७ पर्यंत. पायाच्या मोठ्या ड्रमला ३६, स्नेअरला ३८, मिटलेल्या हाय-हॅटला ४२, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. आकडा पोहोचताच सॅम्प्लर खऱ्या ड्रमचा पूर्वमुद्रित आघात ऐकवितो. २०१७ साली निघालेल्या 'सुपीरियर ड्रमर ३' या सॅम्प्लरमधील मूळ ध्वनी बेल्जममध्ये मुद्रित झाले. ते २३० गिगाबाइटांहून अधिक भरतात. एकाच ड्रमवर हळू, मध्यम, जोरकस असे कितीतरी आघात टिपावे लागतात, तेव्हा कुठे ते जिवंत वाटते!

आमच्या तरुणाच्या संचात पहिला दोष दुहेरी आवाजाचा निघाला. मोड्यूलचा आवाज आणि सॅम्प्लरचा आवाज एकदमच कानी येत होते. मोड्यूलमधील 'लोकल कंट्रोल' बंद करताच तो मिटला. दुसरा दोष विलंबाचा. संगणक ध्वनी घोटाघोटाने घेतो. त्या घोटास 'बफर' म्हणतात. सेकंदास ४४,१०० नमुन्यांच्या गतीने १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ सहस्रांश सेकंद, जणू ड्रम आठ मीटर दूर ठेवून वाजवावा! 'आसिओ' पद्धतीचा ड्रायव्हर बसवून बफर १२८ वर आणला, तेव्हा ते अंतर मीटरभर उरले. याहून खाली उतरल्यास त्याच्या जुन्या संगणकातून कडकड आवाज येई, म्हणून तेथेच थांबलो.

तिसरा दोष मात्र यंत्राचा नव्हता. आवाज दमदार यावा म्हणून कोणा मित्राच्या सल्ल्याने त्याने प्रत्येक आघात १२७ च्या जवळपास जाईल अशी योजना केली होती. वर सॉफ्टवेअरमधील 'क्वांटाइझ' आज्ञेने सारे ठोके काटेकोर रेषेवर ओढले होते. गव्हाणीपुढचे अंगाईवजा गीत लष्करी संचलनासारखे वाजू लागले होते. मुलगा उत्तम वाजवितो. त्याची हळुवार थाप कुठेच उरली नव्हती. आम्ही दोघांनी संध्याकाळभर बसून हलका आघात तिशीच्या आसपास आणि जोरकस शंभराच्या वर जाईल अशी वक्ररेषा ठरविली. दोन चुकलेले ठोके तेवढे सरकविले, बाकीचे तसेच ठेवले.

असले यंत्र मंदिरात चालेल काय, असे काही वडीलधारी मंडळी विचारतात. ३ सप्टेंबर १९५८ च्या रोमच्या निर्देशाने ग्रामोफोन, टेप यांसारखी आपोआप वाजणारी साधने उपासनेत निषिद्ध ठरविली होती. १९६३ च्या परिषदेने, वाद्य पवित्र कार्यास साजेसे असल्यास, अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांसही वाट दिली. माझ्या मते, हाताखाली वाजणारे सॅम्प्लर हे वाद्यच आहे. कळ दाबून मिस्साभर चालू ठेवलेला तयार ताल मात्र नव्हे. असला ताल मी आमच्या मंदिरात वाजू देत नाही, यावरून थोडी कुरकुर होते, होवो.

चार गीते नाताळच्या आदल्या आठवड्यात पुरी झाली. शेवटच्या गीतासाठी त्याने वडिलांचे घुमट, ते मातीचे गोमंतकी वाद्य, तीन वेगवेगळ्या जोरांनी वाजवून मुद्रित केले आणि एका गादीला जोडले. मधल्या थापेमागे वडिलांचा खोकला ऐकू येतो. तो काढून टाकू का, असे त्याने मला विचारले होते.